गिनी आणि कोंबड्या एका खुराड्यात: बेज्जूरकरांसाठी खर्चाचा हिशोब

गिनीच्या पिल्लांची ‘जोडी’ विकत घेऊ नका. गिनीचे पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे होऊन ओरडायला लागेपर्यंत नर कोणता आणि मादी कोणती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मादीच्या ओरडण्यात दोन तुकडे असतात, नर एकाच सुरात ओरडतो. त्याआधी कोणी जोडीचा वेगळा भाव लावत असेल, तर ते पैसे वाया गेले समजा. मोठे पक्षी घेणार असाल, तर तासभर थांबा, आवाज ऐका आणि मगच पैसे काढा.

सर्वांत स्वस्त वाट तुमच्या घरातूनच जाते. शेजारपाजारी कोणाकडे गिनी असतील (तेलुगू शेजारी त्यांना गिन्नेकोडी म्हणतात), तर त्यांच्याकडून ताजी अंडी घ्या आणि तुमच्या खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवा. गिनीचे अंडे लहान असते, साधारण चाळीस ग्रॅमचे. त्यामुळे एका कोंबडीखाली बारा ते पंधरा मावतात. एकच काळजी घ्या: कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, गिनीचे २६ ते २८ दिवसांत. दोन्ही एकाच दिवशी ठेवली, तर कोंबडी आपली पिल्ले घेऊन उठते आणि गिनीची अंडी थंड पडतात. म्हणून गिनीची आधी ठेवा आणि कोंबडीची सहाव्या दिवशी त्यांत घाला. कवच जाड असल्याने उजेडासमोर धरून आत जीव आहे की नाही, हे नीट दिसत नाही. दहापैकी सहा-सात पिल्ले निघाली तरी ठीक माना.

या वाटेचा दुसरा फायदा पैशांपेक्षा मोठा आहे. कोंबडीच्या पंखाखाली एकत्र वाढलेली पिल्ले पुढे एकमेकांना ओळखतात आणि भांडणे कमी होतात. मोठे गिनी विकत आणून जुन्या कळपात सोडले, तर पिसे उपटलेल्या कोंबड्या आणि रक्ताळलेला कोंबडा पाहायची तयारी ठेवा.

कोंबडीची सुधारित पिल्ले हवी असतील, तर हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संचालनालयात वनराजा आणि ग्रामप्रिया मिळतात. आगाऊ नोंदणी करा. वाहतुकीत किती मरतील, ते नुकसान कोणाचे, खोक्याचे पैसे वेगळे का, हे तिन्ही प्रश्न फोनवरच विचारा. गिनीच्या कादंबरी, चितंबरी, श्वेतांबरी या जाती उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या. दहा पिल्लांसाठी तिकडून मागवण्यात अर्थ नाही. प्रवासातच निम्मा खर्च जातो. सल्ला हवा असेल, तर बेल्लमपल्लीचे कृषी विज्ञान केंद्र किंवा नदीपलीकडे गडचिरोलीजवळचे सोनापूर केंद्र गाठा.

आता पहिल्या दोन महिन्यांचा हिशोब. दहा गिनी आणि दहा कोंबडीची पिल्ले धरा. या काळात प्रत्येक पिल्लू दीड ते दोन किलो खाद्य खाते, म्हणजे एकूण जास्तीत जास्त ४० किलो. खाद्य किलोला ४० रुपये धरले, तर १,६०० रुपये झाले. तुमच्या दुकानाचा भाव वेगळा असेल, तोच आकडा घाला. गिनीच्या पिल्लांना सुरुवातीला २४ टक्के प्रथिने लागतात, कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ती कमी असतात. निव्वळ कनकी टाकून पैसे वाचवू नका, पाय लुळे पडतात. सोयाबीनची पेंड मिसळा, वाळवीची ढेकळे फोडून टाका. गोणीवर मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असे औषधाचे नाव दिसले, तर पशुवैद्यांना विचारल्याशिवाय गिनीला घालू नका. कोंबडीला चालते ते सगळे गिनीला चालेलच असे नाही.

पाण्याच्या भांड्यात गोटे टाका. गिनीची पिल्ले बोटभर पाण्यातही बुडून मरतात, आणि ओलाव्याने त्याहून जास्त मरतात. खाली धानाचा तूस अंथरा आणि ओला होताच बदला.

खुडूक कोंबडी नसेल, तर ऊब विजेने द्यावी लागते. एलईडी दिवा ऊब देत नाही, जुना पिवळा शंभर वॅटचा दिवा शोधा. रोज बारा तास, तीन आठवडे जाळला तर २५ युनिटे होतात. तुमचे बिल गृहज्योती योजनेत शून्य येत असेल, तर मीटर आधी तपासा. महिन्याला २०० युनिटांची मर्यादा ओलांडली, तर त्या महिन्याचे सगळे बिल भरावे लागते. दिव्याचा खरा खर्च २५ युनिटांचा नाही, तो इथे दडलेला आहे.

लस मानमोडीची म्हणजे राणीखेतची. लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, मग चौथ्या आठवड्यात पुन्हा. लहान कुपीही १०० पक्ष्यांची असते. औषध कालवल्यावर दोन तासांत संपवावे लागते, उरलेले फेकावे लागते. तुमची पिल्ले वीस असतील, तर ऐंशी थेंबांचे पैसे वाया जातात. म्हणून चार घरे मिळून एक दिवस ठरवा. कुपी बर्फातच आणा. बर्फ नसेल, तर ती लस नाही, निव्वळ पाणी आहे. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पक्षी आजारी पडले, तर १९६२ या क्रमांकावर फोन लावा.

खुराडे वीस पक्ष्यांसाठी किमान ५० चौरस फूट हवे. गिनी उंच बसतात, कोंबड्या खाली, म्हणून बसायचे बांबू दोन उंचीवर बांधा. दारे दोन ठेवा, नाहीतर दाराशी उभा राहिलेला एक गिनी नर कोंबड्यांना आत येऊच देत नाही. खाण्यापाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवा. मार्च ते सप्टेंबर हा त्यांच्या अंड्यांचा हंगाम. याच काळात नर कोंबड्यावर धावून जातात. चार-पाच माद्यांमागे एकच नर ठेवा, बाकीचे हंगामाआधी विका. जाळीची एक चौकट मधे लावता येईल अशी सोय पहिल्या दिवशीच करा. नंतर केली, तर सुताराची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

रानमांजर, मुंगूस आणि कोल्ह्यासाठी जाळी अर्ध्या इंचाच्या भोकांची घ्या आणि फूटभर जमिनीत पुरा. कुंपणाच्या तारेत वीज सोडू नका, एका रात्रीपुरतीसुद्धा नाही. हा वाघांच्या येण्याजाण्याचा पट्टा आहे. माणूस मेला काय किंवा वाघ मेला काय, गुन्हा तुमच्यावर येतो.

मोठे पक्षी बाहेरून आणलेच, तर तीन आठवडे वेगळे कोंडा. दहा पक्ष्यांना रोज शंभर ग्रॅमप्रमाणे २१ किलो खाद्य लागते, म्हणजे वरच्याच भावाने ८४० रुपये. हे पैसे वाचवू नका. डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. असा रोग आसपास असेल, तेव्हा बाजारातून एकही पक्षी घरी आणू नका. वेगळे कोंडण्याचा दुसरा उपयोगही आहे: आणल्याबरोबर सोडलेले गिनी उडून जातात आणि परत येत नाहीत.

परवाना लागत नाही, गिनी हा मूळचा आफ्रिकेतला पाळीव पक्षी आहे. पण उत्तरेकडचे व्यापारी त्याला तितारी म्हणतात. पावतीवर ‘गिनी’ असेच लिहून घ्या. तितर आणि रानकोंबडी पाळणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि वनखात्याच्या नाक्यावर शब्दाने घोटाळा होतो. सरकारी पिल्लांसाठी अर्ज करताना आधार, बँकेचे पासबुक आणि फोटो न्या. जिल्हा आदिलाबाद लिहू नका: ११ ऑक्टोबर २०१६पासून बेज्जूर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.

‘गिनीला पन्नास टक्के अनुदान मिळवून देतो, आधी दोन हजार द्या,’ असे कोणी सांगितले, तर देऊ नका. राष्ट्रीय पशुधन अभियानातले कुक्कुटपालनाचे ५० टक्के अनुदान किमान हजार पैदाशी पक्ष्यांच्या प्रकल्पाला आहे, वीस पक्ष्यांच्या परसाला नाही.

मिळकत मोजताना गिनीची वर्षाला नव्वद ते शंभर अंडी धरा, तीही फक्त हंगामात. मादी शेतात, झुडपात अंडी लपवते. म्हणून हंगामात दुपार होईतो कळप कोंडून ठेवा. घरट्यातली अंडी उचलताना दोन-तीन मागे राहू द्या, सगळी नेली तर ती जागा बदलते.