दातांच्या क्ष-किरणचित्राचे वाचन

क्ष-किरणचित्रात दात दिसत नाही. दाताची छाया दिसते. दाट पदार्थ क्ष-किरणांना अडवितात आणि विरळ पदार्थ त्यांना वाट देतात. किरण जेथे अडतात तेथे चित्र पांढरे राहते, आणि जेथून ते पार जातात तेथे काळे होते. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजांचे असते; म्हणून दातात तेच सर्वांत शुभ्र दिसते. त्याच्या आतील डेंटीन करड्या रंगाचे उमटते व मधला मऊ गर काळसर. मुळाच्या कडेने एक बारीक काळी रेषा जाते. दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंची ती जागा होय. तिच्या बाहेरची पांढरी रेषा म्हणजे दाताच्या खोबणीची भिंत. या पांढऱ्या रेषेचे महत्त्व पुढे दिसून येईल.

राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात या किरणांचा शोध लागला आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. त्या काळी किरणांच्या धोक्याची कल्पना नव्हती. न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यंत्र जुळविताना आपला हात किरणांत धरीत. पुढे त्यांना कर्करोग होऊन प्रथम बोटे व नंतर हात गमवावा लागला. १९२८ मध्ये त्यांचा अंत झाला. आता चित्राला सेकंदाचा अल्प अंश पुरतो.

दंतक्षय म्हणजे खनिजांचा नाश, म्हणून किडलेला भाग काळा दिसतो. दोन दात जेथे एकमेकांना टेकतात त्याच्या किंचित खाली कीड बहुधा आरंभ करते. ही जागा आरशात दिसत नाही. हॉवर्ड रेपर यांनी १९२५ मध्ये एक युक्ती प्रचारात आणली : फिल्मला जोडलेली पट्टी रुग्णाने दातांत धरावयाची, म्हणजे वरच्या व खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. तेथे एनॅमलमधील कीड लहानशा काळ्या त्रिकोणासारखी दिसते. त्याचा पाया बाहेर व टोक आत असते. डेंटीनला पोहोचताच ती आडवी पसरते. तथापि, सुमारे ३० ते ४० टक्के खनिज गेल्याखेरीज डाग डोळ्यांना दिसत नाही. चित्रात कीड लहान दिसली, तर प्रत्यक्षात ती मोठीच असते. याच्या उलट, दाताच्या मानेशी किरण थोडे अधिक पार जात असल्याने निरोगी दातावरही तेथे काळी छटा येते, आणि नवशिक्या तिलाच कीड समजतो.

हिरड्यांच्या रोगात पाहावयाचे ते हाड. निरोगी तोंडात हाडाचा काठ एनॅमलच्या सीमेखाली दीड ते दोन मिलिमीटरांवर असतो. तो त्याहून खचला असल्यास रोगाने हाड खाल्ले आहे असे समजावे. मात्र रोग आज चालू आहे की पूर्वीच थांबला, हे छाया सांगत नाही. ते हिरडीतून येणाऱ्या रक्तावरून व सळईने मोजलेल्या खोलीवरून ठरते.

खरी कसोटी मुळाच्या टोकाशी लागते. गर मेला की जंतूंच्या विषाने टोकाजवळचे हाड विरते, पांढरी रेषा तुटते आणि गोल काळा डाग उमटतो. पण १९६१ मध्ये बेंडर व सेल्ट्झर यांनी मृतांच्या जबड्यांत मुद्दाम पोकळ्या कोरून चित्रे घेतली, तेव्हा हाडाच्या आतील सच्छिद्र भागातील पोकळ्या चित्रात दिसल्याच नाहीत. बाहेरच्या टणक थराला धक्का लागल्यावर त्या दिसू लागल्या. म्हणजे ठणका असह्य असूनही चित्र निर्मळ असू शकते.

उलट चूक अधिक महाग पडते. खालच्या उपदाढांच्या मुळांजवळ हाडात एक नैसर्गिक छिद्र असते. ओठ व हनुवटीकडे जाणारा मज्जातंतू त्यातून बाहेर पडतो. त्याची छाया कधीकधी नेमकी मुळाच्या टोकावर पडते व हुबेहूब गळवासारखी दिसते. अशा वेळी पांढरी रेषा अखंड आहे काय हे पाहावे. नळी थोडी तिरपी करून दुसरे चित्र घ्यावे. छिद्राची छाया टोकापासून सरकते, गळवाची सरकत नाही. दाताला गारवा लावून तो जिवंत आहे की नाही हेही तपासावे.

खालच्या पुढील दातांच्या मुळांशी, विशेषतः मध्यमवयीन स्त्रियांत, असेच आणखी एक काळे वर्तुळ आढळते. येथे तर पांढरी रेषाही नाहीशी झालेली असते, त्यामुळे केवळ चित्रावर विसंबणारा दंतवैद्य निरोगी दात पोखरून बसतो. हा जंतूंचा रोग नव्हे. हाडाच्या घडणीतील तो निरुपद्रवी फेरफार असतो व त्याला बहुधा कोणताही उपचार लागत नाही. काही वर्षांनी पुन्हा चित्र घेतल्यास वर्तुळाच्या मध्याशी पांढरे ठिपके दिसू लागतात, आणि हळूहळू बहुतेक जागा पांढरी होते. गारव्याची जाणीव त्या दाताला पहिल्या दिवशी होती तशीच तेव्हाही असते.