गुरुजींची भेट आणि माझा गल्ला

फेब्रुवारी लागला की माझ्या दुकानात लाल रंगाचा खप वाढतो. लाल कार्डपेपर, लाल रिबीन, लाल चमकी. आधी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यात यातलं काही नव्हतं. घराघरात मोबाइल आला आणि त्याच्या मागोमाग १४ फेब्रुवारीही आला. आता सहावी-सातवीची पोरं काउंटरवर सुट्टे पैसे ओततात आणि म्हणतात, "काकू, मॅडमना द्यायला काहीतरी दाखवा ना, वीस रुपयांत." गुरुपौर्णिमा पावसाळ्यात होऊन गेलेली असते, ५ सप्टेंबरही उलटलेला असतो. पोरांना शिक्षकांचे आभार मानायला आणखी एक दिवस हवा असेल तर माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती त्यापुढे जे घडतं त्याला.

आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. गाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते एकट्या त्या शाळेचं नाही. सांगायचं इतकंच की भेट विकणारी आणि भेट घेणारे एकाच घरात राहतात. मी दुपारी विकलेला कप संध्याकाळी यांच्या पिशवीतून घरी परत आल्याचंही घडलं आहे. त्यावर चिकटवलेली किंमत माझ्याच अक्षरातली होती. हे हसले. मला मात्र त्या पैशांचं काय करावं ते कळेना.

पहिलं सांगते ते वर्गणीचं. वर्गातली दोन-तीन हुशार मुलं ठरवतात, सरांना घड्याळ द्यायचं, प्रत्येकी वीस रुपये काढायचे. वीस रुपये ही काय मोठी रक्कम, असं पुण्या-नाशिकच्या वाचकाला वाटेल. पण आमच्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. फेब्रुवारीत घरी आजी, आजा आणि मागे ठेवलेली पोरं. कुणी हंगामी वसतिगृहात, कुणी आत्याकडे. जी आई गावात असते ती नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर मजुरीला. घरात रोख पैसा कधी येतो याचं गणित पोरांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे वर्गणी न दिलेलं मूल कुणाला काही बोलत नाही, सरळ शाळेला दांडी मारतं. एका पाचवीच्या मुलीचं असंच झालं. मॅडमना वाटलं आजारी असेल. आजीला वाटलं शाळेला सुट्टी आहे. मुलगी शेळ्या घेऊन माळावर. कारण कळलं ते माझ्या दुकानात, कारण तिची मैत्रीण "नऊच रुपये आहेत, तिच्या नावाने काही येईल का" असं विचारायला आली होती.

म्हणून माझ्याकडे वर्गाची भेट मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, पैसे कसे जमवलेत? वर्गणी असेल तर परत करा म्हणते. गल्ल्याचं नुकसान होतं, पण गल्ला भरायला कंपासपेट्या आहेत. शिवाय गुरुजींनाही महागडी वस्तू घेणं परवडत नाही. जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठी १९६७ सालचे वर्तणूक नियम आहेत आणि भेटवस्तूंचा त्यात वेगळा विचार केलेला आहे. कागदाची, पानाची, हाताने केलेली वस्तू घ्यायला कुणीच अडवत नाही.

दुसरं बदामाचं. लहान मूल लाल बदाम कापून देतं तेव्हा त्यात काही नसतं. पण नववी-दहावीच्या मुलीने तरुण सरांना किंवा मुलाने मॅडमना बदामाचं कार्ड दिलं, की संध्याकाळपर्यंत पारावर त्याची वेगळीच गोष्ट तयार होते. गाव लहान आहे. सर बदली होऊन जातात, मुलगी इथेच राहते. हे अन्यायाचं आहे, मान्य. पण कार्ड मागणाऱ्या मोठ्या पोरींना मी स्पष्ट सांगते, आकार दुसरा घ्या, आणि खाली एकटीचं नाव न लिहिता सगळ्या वर्गाचं लिहा. माझ्या नणंदेची लेक न्यू जर्सीत राहते. ती सांगते, तिथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत या दिवशी चिठ्ठ्या वाटायच्या असतील तर वर्गातल्या सगळ्यांसाठी आणाव्या लागतात, ठरावीक दोघा-चौघांनाच देता येत नाहीत. परदेशातून उचलायचंच असेल तर आपण हे उचलावं.

आता करायचं काय? मी पाहिलेल्या भेटींमध्ये सगळ्यात कामाला आलेली भेट एक वही होती.

आमच्याकडे बाहेरच्या जिल्ह्यांतून शिक्षक येतात. त्यांची मराठी पुस्तकातली. पहिलीत आलेलं मूल घरी भिली बोलतं, नवापूरकडे मावची, धडगावकडे पावरी, आणि काही घरांत अहिराणी. पोटात दुखतंय हे मूल सांगतं आणि मॅडमना ते कळत नाही, असं दर जूनमध्ये होतं. एका वर्गातल्या पोरांनी मॅडमसाठी घरच्या शब्दांची वही केली. डावीकडे चित्र, उजवीकडे मराठी शब्द आणि त्याखाली घरचा शब्द देवनागरीत. पाणी, शेळी, भूक, ताप, भीती वाटते, लघवीला जायचंय. लिहिता न येणाऱ्यांनी चित्रं काढली, लिहिता येणाऱ्यांनी अक्षर दिलं, आणि ज्यांना दोन्ही नको होतं त्यांनी आजीला विचारून शब्द आणले. म्हाताऱ्या माणसांना शाळेने काही विचारलं याचाच त्यांना केवढा आनंद! त्या मॅडमनी पुढच्या जूनमध्ये ती वही टेबलावर ठेवली. घड्याळ घेतलं असतं तर ते भिंतीवर बंद पडून राहिलं असतं.

खान्देशाला हाताने लिहून देण्याची जुनी सवय आहे, असं मी पोरांना सांगते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत होते, तेव्हा मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे. नंदुरबारहून भुसावळच्या गाडीत बसलं तर वाटेत लागतं ते अमळनेर.

वही करायची रीत सोपी. आठ कोरे ए-फोर कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडायचे. बत्तीस पानं होतात. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची, एक मधोमध, दोन कडेला. सुई मधल्या भोकातून आत घालायची, वरच्या भोकातून बाहेर, खालच्यातून पुन्हा आत, आणि परत मधल्यातून बाहेर काढून गाठ मारायची. दोऱ्याची दोन टोकं मधल्या उभ्या दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना आली पाहिजेत, नाहीतर गाठ सुटते. पुठ्ठ्यासाठी जुनी लग्नपत्रिका घ्या. लग्नसराईत पत्रिकांचा ढीग प्रत्येक घरी असतो आणि तो कागद माझ्या दुकानातल्या महागड्या कार्डपेपरपेक्षा जाड निघतो. फक्त गणपतीच्या चित्रावर कात्री चालवू नका. देव रागावेल की नाही ते मला ठाऊक नाही, आजी नक्की रागावेल.

चिकटवायला फेव्हिकॉलच हवा असं काही नाही. दोन चमचे गव्हाचं पीठ किंवा मैदा एक वाटी थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर ढवळायचं. झाली खळ. दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करा. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायला सांगतात. मोरचूद विष आहे. पोरं खळ लावलेलं बोट तोंडात घालतात. कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यात खळ केली तर काम भागतं.

रंगासाठी पळस. फेब्रुवारीच्या मध्याला आमच्याकडे पळस फुलायला लागतो. एखाद्या वर्षी होळी जवळ येईपर्यंत वाट पाहायला लावतो. खाली पडलेल्या पाकळ्या ओंजळभर गोळा करा, फांदी मोडू नका. पाण्यात घालून पाणी निम्मं होईपर्यंत उकळा, गाळा, चिमूटभर तुरटी टाका. पिवळा-केशरी रंग मिळतो. थोडा खायचा चुना घातला तर तो गडद नारिंगी होतो, पण चुना मोठ्या माणसाने घालावा. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हा रंग उन्हात विटतो. त्यामुळे भिंतीवर लावायच्या चित्राला वापरू नका, वहीच्या आत वापरा.

चमकीचं विचारू नका. मी विकते, पण लहान पोरांना देत नाही. चमकी म्हणजे बारीक प्लास्टिक. एकदा सांडली की अंगणात, ताटात, कोंबडीच्या पोटात. सजावटीच्या थर्माकोलवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि आपल्या राज्यात ती २०१८ लाच आली. तरीही थर्माकोलचा बदाम कुठूनतरी येतोच.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती गुंजेची. भेट फुकटात करायची म्हटलं की पोरं रानात जातात आणि रानात लाल-काळी गुंज दिसते. दिसायला देखणी, आणि सोनारांनी तर तिचं वजनही केलं: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पोरांनी मॅडमसाठी गुंजांची माळ ओवायला घेतली होती. घरातलं रांगतं बाळ ती माळ तोंडात घालायच्या बेतात होतं, आजीने हिसकावली म्हणून बरं. गुंजेत ॲब्रिन नावाचं भयंकर विष असतं. अख्खं बी गिळलं तर कठीण सालीमुळे बऱ्याचदा तसंच बाहेर पडतं, पण चावलं किंवा फुटलं तर जिवावर बेततं. आणि माळेसाठी सुईने भोक पाडलं की तीच साल फुटलेली असते. म्हणजे माळेतली गुंज झाडावरच्या गुंजेहून वाईट. एरंडाच्या ठिपक्यांच्या बियाही नकोत. कुंपणाची चंद्रज्योत तर नकोच, तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळेतली पोरं खातात आणि एकदम सगळी ओकायला लागतात. कुणी अशी बी चावल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठा आणि बी सोबत न्या.

बी हवीच असेल तर चिंचोके घ्या, सीताफळाच्या बिया नकोत. चिंचोके रात्रभर भिजवले की भोक पाडता येतं. पण तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर कुठलीच माळ नको, घशात अडकते.

ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी मात्र जरूर करा. आमच्या आजोबांच्या पिढीला ती डोळे मिटून यायची, आताच्या पोरांना शिकवावी लागते. वरची साल सोलून आतला भेंड वेगळा काढायचा, सालीच्या काड्या भेंडात टोचत जायचं. गोंद नको, खिळा नको, टाकून दिली तर गाय खाते. गुरुजींच्या टेबलावर खडू ठेवायला अशी गाडी चालते आणि चौथीच्या पाठाला दाखवायलाही. ती साल बोट चिरते, म्हणून सोलण्याचं काम मोठ्या मुलांकडे द्या.

पिंपळाचं जाळीदार पान सगळ्यांना आवडतं, पण त्याला वेळ लागतो. हिरवं पान पाण्यात बुडवून ठेवायचं, मधूनमधून पाणी बदलायचं, तीन-चार आठवड्यांनी गर मऊ पडला की जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने काढायचा. पाण्याला घाण वास येतो, भांडं घराबाहेर ठेवा. मोबाइलवर कुणीतरी कॉस्टिक सोड्यात पान उकळून तासाभरात जाळी काढून दाखवतं. ते बघून पोरं सोडा मागायला येतात. मी देत नाही. हाताची कातडी जाते त्याने.

२०२७ मध्ये १४ फेब्रुवारी रविवारी येतोय आणि शनिवारची शाळा सकाळची. म्हणजे वही शुक्रवारी शिवून तयार हवी, पिंपळपान जानेवारीच्या मध्यालाच पाण्यात पडायला हवं, आणि शब्द गोळा करायचे तर त्याच्याही आधी लागायला हवं, कारण काही आज्या फार बोलतात. दाभण घरी नसेल तर माझ्याकडे या. विकत नाही, उसनं देते. परत आणून द्या म्हणजे झालं.