तुटलेल्या कोयत्याची साक्ष

गोव्यात डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात कोयता निवडू लागलात, की शेजारी उभा असलेला कोणीतरी सांगतोच, "त्याचा नको, पाते तुटते." सर्वणला बागायतीच्या कामात अशा तक्रारी ऐकता ऐकता काही गोष्टी ध्यानात आल्या.

१. तक्रारी मोजू नयेत. ज्या लोहाराचा कोयता घरोघरी आहे, त्याच्याच नावाने बोटे मोडली जाणार. ज्याचे चारच खपले, त्याची चर्चा कोण करणार?

२. काय तोडताना तुटला ते विचारावे. कोणी चिऱ्याच्या गडग्यावरची झुडपे तोडताना घाव थेट चिऱ्यावर घालतो, कोणी नारळात पाते रुतवून पिळतो. पाते घाव सोसते, पीळ सोसत नाही. यात लोहाराचा काय दोष?

३. तुकडा मागून घ्यावा. तुटीची जागा बारीक, राखाडी, एकसारखी असेल तर पोलाद आणि भट्टी दोन्ही ठीक. साखरेसारखे चमकणारे मोठे दाणे दिसले तर लोखंड जास्त तापले होते. तुटीचा काही भाग काळा किंवा गंजलेला आणि उरलेला ताजा असेल, तर चीर जुनी आहे. ती बहुधा पाणी देतानाच, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करतानाच, पडलेली असते. हा मात्र लोहाराचाच दोष. कोयता मुठीपाशी तुटला असेल तर मुठीत जाणाऱ्या शेपटीचा कोपरा काटकोनी ठेवला होता का, तेही पाहावे. ताण तिथेच एकवटतो.

आपल्याकडे बरेच कोयते ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे असतात. २०१२ साली खाणी बंद झाल्या, तोवर खनिजाच्या ट्रकांना या भागात तोटा नव्हता. पाट्याचे पोलाद चांगलेच, पण वर्षानुवर्षे खड्डे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. शिवाय तो लालबुंद असताना थंड पाण्यात बुडवला तर तडकण्याचा धोका असतो. म्हणून जाणता लोहार तेल वापरतो आणि नंतर पाते पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा काढतो. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते, असे माझे मत आहे.

४. "कधीच तुटत नाही" ही स्तुती जपून ऐकावी. मऊ पाते तुटत नाही, वाकते; धारही धरत नाही. लोक निमूट कानस घासत बसतात, तक्रार करत नाहीत. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचेही तेच. कठीणपणाच्या रॉकवेल मापाने जर्मन सुरी साधारण ५६ ते ५८, जपानी बहुधा ६० च्या वर. जपानी सुरीची धार टिकते, पण हाडावर मारली की टवका उडतो. त्या टवक्यावरून कारागिराला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

५. परत नेल्यावर लोहार काय करतो ते पाहावे. नुसता नवा कोयता हातावर ठेवणाऱ्यापेक्षा तुटीची जागा उजेडात धरून बघणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

तेव्हा पाते तुटले तर तुकडे भंगारात टाकू नका. दोन्ही तुकडे घेऊन आधी लोहाराकडे जा.