शेजारी कारखान्यांचे सहकार्य : एक पाठ
(इयत्ता ६ वी व ७ वी, सामान्य विज्ञान व भूगोल)

हेतू : एका उद्योगातील टाकाऊ पदार्थ शेजारच्या उद्योगास कच्चा माल म्हणून कसा उपयोगी पडतो व त्यायोगे पाणी, जमीन आणि इंधन यांचे रक्षण कसे होते, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

पूर्वज्ञान व प्रस्तावना : ऊस पिकविणाऱ्या गावांतील मुलांनी गुऱ्हाळ पाहिलेले असते. चरकातून निघालेले चिपाड वाळवून चुलवणात घालतात व त्याच आचेवर काहिलीतील रस आटवितात. ‘चिपाड फेकून का देत नाहीत?’ एवढा एकच प्रश्न विचारून पाठास आरंभ करावा. योग्य जागा सापडेपर्यंतच पदार्थ टाकाऊ असतो, हे तत्त्व मुलांच्या उत्तरांतूनच काढून घ्यावे.

विषयविवेचन : या तत्त्वाचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग हे लहानसे बंदर. नकाशात ते शेलंड बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर दाखवावे. तेथे वीजकेंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, जिप्समचे तक्ते बनविणारा कारखाना व औषधनिर्मितीचा कारखाना एकमेकांच्या शेजारी उभे राहिले. भूजल तुटपुंजे असल्यामुळे १९६१ साली टिस्सो सरोवराचे पाणी नळाने तेलशुद्धीकरण कारखान्यास आणण्यात आले. १९७२ साली त्या कारखान्यातील जादा ज्वलनशील वायू जिप्समच्या कारखान्यास इंधन म्हणून मिळू लागला. १९७६ पासून औषध कारखान्यातील जैविक गाळ शेतकऱ्यांच्या शेतांत खत म्हणून जाऊ लागला. पुढे वीजकेंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना व उष्णता नगरातील घरांना पुरविण्यात आली.

१९९३ ची देवघेव विज्ञानाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. दगडी कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड हा अपायकारक वायू बनतो. धुरावर चुनामिश्रित पाण्याचा फवारा सोडल्यास हा वायू शोषला जातो व हवेतील ऑक्सिजनच्या योगाने त्याचे जिप्सम होते. वीजकेंद्रास हवा शुद्ध ठेवावयाची होती. शेजाऱ्यास जिप्सम हवेच होते. दोघांचेही काम साधले.

ही व्यवस्था कोणा एकाने आखलेली नव्हती. शेजारी एकमेकांस ओळखत होते व प्रत्येक करारात उभयपक्षी लाभ होता. तथापि तिची मर्यादाही सांगावी. २०२० च्या सुमारास वीजकेंद्राने कोळसा सोडून लाकडाच्या तुकड्यांचे इंधन स्वीकारले, तेव्हा कोळशाबरोबर मिळणारे जिप्समही थांबले. एकाच्या टाकाऊ मालावर दुसऱ्याचा धंदा अवलंबून असला, की एकाने मार्ग बदलताच दुसऱ्यास नवी सोय पाहावी लागते.

उपयोजन : आता मुलांस साखर कारखान्याकडे आणावे. १०० किलो उसापासून सुमारे ३० किलो ओले चिपाड, सुमारे ४ किलो मळी व ३ ते ४ किलो प्रेसमड निघते. चिपाडावर बॉयलर चालतो व वीजही तयार होते. मळी आसवनीत मद्यार्कासाठी जाते. प्रेसमड शेतास खत होते.

परंतु येथेच खरी कसोटी आहे. एक लिटर मद्यार्कामागे सुमारे ८ ते १५ लिटर तांबूस-काळे सांडपाणी निघते. त्यास स्पेंटवॉश म्हणतात. ते ओढ्यात सोडल्यास त्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपतो व मासे मरतात. तेच बंदिस्त टाकीत कुजविले असता इंधनवायू मिळतो, आणि प्रेसमडमध्ये मुरविले असता कंपोस्ट होते. हे कंपोस्ट मात्र पक्क्या, न झिरपणाऱ्या तळावर व कोरड्या दिवसांतच करावे लागते. अन्यथा निचरा विहिरींत उतरतो.

शिक्षकांस सूचना : वर्गातील काही मुलांचे पालक कारखान्यात कामास असतील, तर काहींची विहीर ओढ्याकाठी असेल. म्हणून पाठास आरोपाचे स्वरूप येऊ देऊ नये, तसेच दोषावर पांघरूणही घालू नये. ‘बाहेर पडणारी वस्तू कोठे जाते?’ हा प्रश्न शांतपणे व नेमकेपणाने विचारण्याची सवय मुलांस लागली, की पाठाचे सार्थक झाले.

स्वाध्याय :
१. गावातील गिरणी, गुऱ्हाळ, वीटभट्टी, दूध संकलन केंद्र व गोठा यांतून काय बाहेर पडते आणि ते कोठे जाते, याचा तक्ता करा.
२. एकाची टाकाऊ वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडत असेल तेथे बाण काढा.
३. ज्या वस्तूस बाण मिळाला नाही, तिच्यासाठी शेजारी सुचवा व तो सहसा का नाकारील, तेही लिहा.