चष्मा कंपनी देईल, हात तुमचा लागेल

निकाल लागले की तेलगाव, धारूर, माजलगावकडून फोन सुरू होतात. सध्या सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, डोळ्यावर कॉम्प्युटर लावून विमान दुरुस्त करायचा कोर्स आहे म्हणे. फी जास्त आहे, पण स्कोप आहे ना?"

त्या कोर्सला पैसे भरू नका.

डोळ्यावर कॉम्प्युटर लावायची कल्पना नवी नाही. विमानातल्या वायरींच्या जुड्या बांधणाऱ्या कामगारांसाठी बोइंगच्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्येच ती मांडली होती. ती उपयोगाचीही आहे. मॅन्युअलचं पान डोळ्यासमोर येतं, दोन्ही हात मोकळे राहतात. पण उपकरणांचा भरवसा किती? गुगलने उद्योगांसाठीचा चष्मा २०२३ मध्ये बंद केला, मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या आपल्या चष्म्याचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. ज्याला काम येतं त्याला कंपनी उद्याचा चष्मा स्वतःच शिकवेल.

काम म्हणजे काय, तर लॉकवायर बघा. बोल्टच्या भोकातून तार ओवायची, पीळ द्यायचा, आणि ती अशा बाजूने बांधायची की बोल्ट ढिला पडू लागला तर तारेने त्याला आवळण्याच्या दिशेलाच ओढावं. बाजू चुकली की तार असून नसल्यासारखी. चष्मा फार तर चित्र दाखवेल. शेवटी विमान सोडण्याची सही लायसन्सवाला माणूसच करतो.

ते लायसन्स डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. लायसन्समध्ये बी१ म्हणजे मेकॅनिकल, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स. संस्थेला डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता आहे का, ते जाहिरातीत नाही, डीजीसीएच्या यादीत बघा. कोर्स संपला म्हणजे लायसन्स मिळालं, असंही नाही. डीजीसीएच्या पेपरांना ७५ टक्के लागतात, शिवाय हँगरमधला अनुभव.

दहावीवाल्यांनी मात्र नागपूरकडे बघावं. तिथल्या शासकीय आयटीआयमध्ये दासो कंपनीच्या मदतीने 'एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर' हा दोन वर्षांचा ट्रेड सुरू झाला. मिहानमध्ये दासोचा फाल्कन विमानांचे भाग बनवणारा कारखाना आहे. हे काम बांधणीचं. यातून दुरुस्तीचं लायसन्स मिळत नाही, हे आत्ताच ऐकून ठेवा. पण सरकारी फीमध्ये ड्रिल, रिवेट आणि मोजमाप हातात बसतं.

'फिटर' म्हटलं की आयांचे चेहरे पडतात आणि बाप म्हणतात, "आयटीआय? लोक काय म्हणतील?" लोक तुमची फी भरणार आहेत का? तेलगावच्या साखर कारखान्याचा टर्बाइन बंद पडला की याच फिटरला मध्यरात्री उठवतात, तेव्हा त्याची जात-बिरादरी, मार्कशीट कुणी विचारत नाही. आणि ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन पोराला 'स्मार्ट' कोर्सला घालणाऱ्यांना तर मी स्पष्टच सांगतो: कोर्स फसला तरी ती उचल तुम्हालाच कोयत्याने फेडायची आहे.

पोराला एकदा विचारा, हात काळे करायला आवडतात का. नाही म्हणाला, तर विमानाचा विषय तिथेच सोडा. हो म्हणाला, तर आजपासून इंग्रजी वाचायला बसवा; मॅन्युअल आणि डीजीसीएचे पेपर दोन्ही इंग्रजीतच असतात.