बरणीतल्या मेणबत्तीवरचे डाग: कोणता चालेल, कोणता नाही



गोष्ट मागच्या नाताळापूर्वीची. सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या शिवणवर्गाच्या खोलीत पाड्यावरच्या सात बायका सोया मेणाच्या मेणबत्त्या करायला शिकत होत्या. दोन दिवस खपून त्यांनी ४० बरण्या ओतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तर लाल मेणावर पांढरी झाक पसरलेली. "ताई, बुरशी आली का?" एकीने विचारले. मी घाबरले आणि सगळे मेण काढून पुन्हा वितळवायला लावले. वाती वाया गेल्या, सुगंध बराच उडाला. मजुरी विकलेल्या बरणीमागे ठरलेली, म्हणून त्यांचे दोन दिवसांचे कष्ट हिशेबात धरलेच गेले नाहीत.

दुसऱ्या खेपेला मी जाड वात घेतली. मेणबत्त्या अशा गुळगुळीत झाल्या की सर्वांनी कौतुक केले. त्यातलीच एक घेणाऱ्या बहिणीच्या घरी पेटती असताना तडकली. टेबलावरचे कापड जळले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. म्हणजे जी चांगली होती ती मी मोडली आणि जी धोक्याची होती ती विकली. त्यानंतर जे शिकले ते येथे मांडते.

सोया मेण म्हणजे काय? सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट करतात, वनस्पती तुपासारखे. थंडीत घरचे तूप कसे रवाळ होते ते आपण पाहतो. सोया मेणाचेही तसेच आहे. बहुतेक डाग त्याच्या निवण्याच्या रीतीतून येतात.

दिसायला खोट, पण जळायला चांगली

१. पांढरी झाक: हे मेणाचेच बारीक स्फटिक, बुरशी नव्हे. रंगीत मेणात ते जास्त उठून दिसतात. आमच्या खोलीत दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, त्यामुळे झाक वाढली. आता बरण्या आधी थोड्या कोमट करतो, एकमेकींपासून चार बोटे अंतरावर ठेवतो आणि खिडकी लावून घेतो. तरीही झाक पूर्ण टळत नाही. म्हणून बिनरंगी मेण वापरणे उत्तम; त्यात ती जवळजवळ दिसत नाही.

२. काचेवर ओलसर डाग: तेथे ओल नसते. मेण निवताना आकसते आणि काचेपासून सुटते, ती जागा ओली भासते. बरणीला तेलकट हात लागला असेल तर हे अधिक होते. बरणी धुऊन पूर्ण कोरडी करावी.

३. वातीजवळ खड्डा: वरचा थर आधी घट्ट होतो, आतले मेण नंतर आकसते. फार गरम मेण ओतले की खड्डा हमखास पडतो. आमचे मेण ५५ ते ६० अंशांवर ओतले की बरे बसते; प्रत्येक मेणाचा आकडा वेगळा, तो पुरवठादाराला विचारावा. वातीजवळ काडी टोचून पाहावी. आत पोकळी लागली तर वरचा थर गरम हवेने वितळवून सपाट करावा.

या खुणा दिसल्या तर बरणी विकू नये

४. वर तेलाचे थेंब: सुगंधी तेल जास्त झाले किंवा नीट मिसळले नाही. आम्ही १०० ग्रॅम मेणाला ६ ग्रॅम तेल तोलून घालतो आणि दोन मिनिटे सावकाश ढवळतो. वर साचलेले तेल पेट घेऊ शकते.

५. मधोमध विहीर: कडेचे मेण तसेच राहते आणि ज्योत खाली खाली जाते. वात बारीक पडली. याच भीतीने मी जाड वात घेतली होती.

६. काजळी आणि उंच ज्योत: वात जाड झाली. बरणीला हात लावून धरवत नसेल तर ती लगेच विझवावी. आमची तडकलेली बरणी अशीच असणार. ओतलेली मेणबत्ती पाहून हे कधीच कळत नाही. ती पेटवूनच पाहावी लागते.

म्हणून आता प्रत्येक खेपेतल्या दोन बरण्या दोन आठवडे ठेवून मग जाळून पाहतो. तीन इंच रुंद बरणीत साधारण तीन तासांत मेण काठापर्यंत वितळले, ज्योत स्थिर राहिली आणि काच हाताला सोसवली, तरच बाकीच्या बाहेर जातात. भिंतीवर टांगलेल्या वहीत मेण किती, तेल किती, वात कोणती, किती अंशांवर ओतले हे सारे लिहितो. चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने सुधारले ते कळत नाही. ज्या बहिणींना लिहिता येत नाही त्या वातीचा तुकडाच पानावर चिकटवतात. आमच्यात तीच वही सर्वांत जास्त उघडली जाते.

मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे आणि जवळून हलू नये. पेट घेतल्यास पाणी मुळीच टाकू नये; गॅस बंद करून झाकण ठेवावे.

विकत घेणाऱ्यांना एवढीच विनंती: प्रत्येक वेळी वात पाव इंच ठेवून कापा, पहिल्यांदा मेण काठापर्यंत वितळू द्या, चार तासांपेक्षा जास्त सलग जाळू नका आणि तळाशी बोटभर मेण उरले की थांबा. पांढरी झाक दिसली तर ती परत करू नका. काजळी दिसली तर जरूर कळवा.

त्या सात बहिणींना दोन दिवसांची मजुरी उशिरा का होईना, आम्ही दिली. आता मजुरी विकलेल्या नव्हे, ओतलेल्या बरणीमागे मिळते. शिकवणारीच्या चुकीची किंमत शिकणाऱ्यांनी का भरावी?