उसातला शेजारी



यशया संदेष्टा अकराव्या अध्यायात देवराज्याचे चित्र रेखाटतो. त्यात हिंस्र श्वापद आणि करडू एकत्र विसावतात. जुन्नर-आंबेगावात हा उतारा वाचणे सोपे नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याने तिघांचा बळी घेतला. त्यांत लहान लेकरेही होती. मग अशा श्वापदाविषयी ख्रिस्ती माणसाने कसा विचार करावा?

या अभ्यासासाठी सुजय डहाके दिग्दर्शित 'आजोबा' (2014) हा चित्रपट चर्चच्या पटांगणात सर्वधर्मीयांना विनामूल्य दाखवण्याचे आम्ही योजले आहे. त्याचा आधार सत्य घटना आहे. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला बिबट्या बाहेर काढून, गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. सुमारे 120 कि.मी. चालत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने कोणाला इजा केली नाही. 2011 मध्ये वाहनाच्या धडकेने तो मेला.

त्याचा माग घेणाऱ्या विद्या अत्रेय यांनी आपल्या भागाचाही अभ्यास केला. 2001 पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडले जाऊ लागले, तेव्हा जुन्नर वन विभागात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. म्हणजे संकट दुसऱ्याच्या दारी नेऊन सोडल्याने ते संपत नाही.

मनुष्यजीवन अनमोल आहे, आधी त्याचे रक्षण, यात शंका नको. पण उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बाग मशागतीसाठी आणि राखणीसाठी सोपवतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाऊदातो सी' परिपत्रकात याच जबाबदारीची आठवण दिली. गुब्बिओच्या लांडग्याची कथा आपण जाणतो. संत फ्रान्सिस यांनी गावाची भीती ऐकली आणि लांडग्याची भूकही. वचन दोघांकडून घेतले.

आपले वचन कोणते? गोठा बंदिस्त करणे, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर न टाकणे, तिन्हीसांजेला मुलांना उसाकडे एकटे न सोडणे. आणि ज्या घरावर घाला पडला, त्या घरी जाऊन बसणे.

कुटुंबात चर्चा करा:
1. आपल्या वस्तीवर बिबट्याला काय आकर्षित करते?
2. भेदरलेल्या शेजाऱ्यासाठी आपण काय करू शकतो?

चित्रपट संपल्यावर घोळक्याने, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत घरी जावे. मुले मधोमध असावीत. प्रभू आपणा सर्वांचे रक्षण करो.

आपले धर्मगुरू